पळीभर तीर्थ

नागपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी मथुराच्या कानात बोलणारे आवाज थांबले होते, पण तोंड असं कोरडं पडे की जीभ टाळूला चिकटे. आणि आज हरतालिका, पाण्याचा थेंबही वर्ज्य. कारखाना उभा राहत असलेल्या भिलाईत, त्यांच्या क्वार्टरांच्या ओळीत पोथी वाचता येणारी ती एकटीच. जमलेल्या बायांना कथा वाचून दाखवताना दुसऱ्याच पानावर तिचा शब्द अडला. “एक दिस गोळी सोडली असती त काय बिघडलं असतं?” शेजारची बेबीताई पुटपुटली. “माही सून बिघडली असती!” सासूनं देवापुढचं पंचपात्र उचललं. “घे वं मथुरे. तीर्थानं कोनाचा उपास मोडला?” मथुरानं पळीभर तीर्थ जिभेवर घोळवलं. दर पानाला एक पळी घेत ती खणखणीत वाचत गेली. बाया सरकून जवळ आल्या. कथा संपताच बेबीताई पोथी मिटायला वाकली. “थांबा ताई,” मथुरा म्हणाली, “आरतीबी मीच म्हनीन!”