प्लास्टिकच्या पानांचं झाड

झाडाला मुळं नव्हती. बोल्ट होते.

उंटानं एक पान चावलं आणि थुंकून टाकलं.

समुद्र आटून फार वर्षं झाली.

येरलानचं नाव घरात घ्यायचं नाही.

क्रेन आली तशी झिबाश दुधाची बादली टाकून धावली. अख्खं गाव माळावर जमलं होतं. मोबाइलचा उघडा टॉवर डोळ्यांत खुपतो म्हणून गावानं आरडाओरडा केला, तर कंपनीनं त्यालाच हिरवी पानं चिकटवून दिली. या उजाड माळावर पाइनचं झाड! शेजारच्या गावाची हसून हसून पुरेवाट झाली. सगळ्यांत मोठा आवाज झिबाशच्या नवऱ्याचा, ओरीनबायचा. "थट्टा उभी केलीय आमची. उपटा ते!" शेवटी कंपनी नमली, झाड कापायला क्रेन पाठवली.

मुलाला, येरलानला, घराबाहेर काढतानाही त्याचा आवाज असाच चढला होता. तेव्हापासून घरात ती दोघंच.

पण आता त्या झाडाच्या खालच्या फांद्यांवर चिंध्या फडफडत होत्या. नवसाच्या चिंध्या. गावाचं जुनं झाड समुद्रापाठोपाठ वाळून गेलं होतं. माणसांनी मागणं कुठे बांधायचं? त्यातली एक निळी चिंधी झिबाशची. येरलान परत येऊ दे, एवढंच.

क्रेनवाला खाली उतरला. "चिंध्या सोडून घ्या. मग कापतो."

कुणी हललं नाही. चिंधी सोडणारा नवस मोडतो.

"तूच सोड की," एक म्हातारी म्हणाली.

"वा अपा! गाव तुमचं, आणि शाप मी घ्यायचा?"

ओरीनबाय पुढे झाला. तो फांदीखाली बराच वेळ मान वर करून उभा राहिला. मग डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली.

"भल्या माणसा, चल, चहा घे आमच्याकडे."

"आणि काम, अकसकाल?" क्रेनवाल्यानं वडीलधाऱ्याला अदबीनं विचारलं.

"उद्या."

"उद्या नक्की ना?"

"उद्याही चहाच घे."

लोक हसले. ओरीनबाय हसला नाही. झिबाशकडे न बघताच घराकडे वळला.

नवसाची चिंधी फाडायला तिनं त्या दिवशी पेटीतून येरलानचा निळा शर्ट काढला होता, तेव्हा त्याची एक बाही कुणीतरी आधीच फाडून नेली होती.