बायकांची वेळ

गावच्या नव्या वाचनालयात त्रिंबकमास्तरांनी दुपारची वेळ बायकांसाठी राखली, पण आठवडाभर कोणी फिरकलंच नाही. मग एकदा तांबट आळीतली सगुणा आली आणि बाकावर नुसतीच बसून राहिली.

"कुठलं पुस्तक देऊ?"

"मला वाचता येत नाही, मास्तर. घरात घटकाभर बसू देत नाहीत, म्हणून आले. उठू का?"

मास्तर गोंधळले. हिला वाचक म्हणावं, की घरी धाडावं? काहीच सुचेना, तेव्हा हाताला लागलं ते पुस्तक उघडून ते मोठ्यानं वाचू लागले.

दुसऱ्या दिवशी सगुणेमागोमाग आळीतल्या बायका आल्या. आता पुढचं वाचावं, की पहिल्यापासून? मास्तर पुन्हा अडखळले.

"पहिल्यापासून वाचा," सगुणा म्हणाली. "यांनी कुठं ऐकलंय?"

बाक पुरेना. मास्तरांनी आपली खुर्ची पुढे सरकवली आणि उभ्यानंच सुरुवात केली.