अर्धं कातलेलं पेन

वीज गेली तसा तो पटाशीला धार लावत दारात बसला. बाहेर खांबावर वायरमन एकेका घराची तार जोडत होता. लाकूड कातायच्या लेथवर अर्धं कातलेलं शिसवी पेन तसंच अडकवलेलं होतं. लेक ते हातानेच फिरवून बघत होती. "बाबा, लाईटशिवायही फिरतंय की तुमचं मशीन!" खिदळत ती आणखी वाकली. "अय्या, वेणी गुंतली! सोडवा ना." तो हसत उठला, तोच समोरच्या घरी टीव्ही बोलू लागला. मशीनचं बटण चालूच राहिलं होतं आणि ते होतं तिच्या पलीकडे, भिंतीवर. शेजारचा पंखा कुरकुरला. आता पुढचं घर त्याचंच. "हलू नकोस!" डाव्या हाताने तिचं डोकं धरून त्याने वेणीवर पटाशी चालवली. "माझे केस! वेड लागलंय का तुम्हाला?" ती किंचाळली. मशीन घरघरलं. पेनाभोवती तुटकी वेणी गरगरू लागली. बटणाकडे दोघांपैकी कोणाचाच हात जाईना.