पडदा हसला नाही

सोफे भरायचं काम घरातच, त्यामुळे लेकीशी खेळणंही बाबाच्याच वाट्याला. ती कुठे लपते हे त्याला पाठ होतं. पडद्यामागे, पाय बाहेर. हातातली हातोडी न सोडता तो दहा म्हणायचा, मग गळा काढायचा, "अरेच्चा, आमची चिमणी गेली कुठे? मांजरानं पळवली की काय?" की लगेच पडदा खुदुखुदु हसायचा.

आज दहा म्हणून झाले, गळा काढून झाला, पण पडदा हसला नाही. बाबानं मान वर केली. पडद्याखाली पाय नव्हते.

"चिमणे?"

पलंगाखाली नाही, कपाटात नाही. पाण्याच्या पिंपाचं झाकण उचलून त्यानं आत तळापर्यंत पाहिलं. मग त्याला दार दिसलं, सताड उघडं. तो तसाच अनवाणी पळत सुटला. "अहो, चार वर्षांची, लाल फ्रॉक, पाहिलीत का?" वाण्यानं मान हलवली, शेजारणीनंही. तो घरी परत आला. "बाहेर ये गं बाई, बाबा हरला," म्हणत तो फरशीवर बसून ढसाढसा रडला.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या अर्धवट सोफ्याच्या तळाचं कापड हललं. ठोकताना एक बाजू त्यानंच उघडी सोडली होती. आतून कापसानं माखलेली लेक सरपटत बाहेर आली आणि टाळ्या पिटायला लागली.

"बाबा, आज कित्ती मस्त केलंस! रोज नुसतं शोधायचं नाटक करतोस, आज रडायचंपण केलंस!"