बारा मायक्रॉन

रक्षाविसर्जनाला रंगरावांनी आधी राख चाळायला घेतली. बायकोच्या, हौसाबाईच्या छातीतलं यंत्राचं काळीज त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी उद्यमनगरातल्या आपल्या लेथवर केलं होतं. हल्ली सगळं गाव तिथूनच काळजं करून नेतं. टायटॅनियमची दांडी रक्त ढकलणाऱ्या पोलादी फिरकीच्या भोकापेक्षा बारा मायक्रॉन जाड ठेवून, फिरकी तापवून त्यांनी दांडीवर चढवली होती. अडकवायला चावी नाही, खिळा नाही, नुसती पकड. जिना चढायचा जोर, अंगात फणफणणारा ताप, सगळं गणितात धरलं होतं.

तरी ती भाकरी थापता थापता गेली, तेव्हापासून एकच किडा त्यांचं डोकं पोखरत होता: पकड तर सुटली नसेल?

राखेत दांडी आणि फिरकी वेगवेगळी सापडली. त्यांनी दांडीवरून नख फिरवलं. घसरल्याचा एक ओरखडा नव्हता. पकड शेवटपर्यंत धरून होती. सुटली ती चितेच्या आगीत, दांडीपेक्षा पोलाद जास्त फुगल्यावर.

त्यांनी दांडी फिरकीच्या भोकाला लावून अंगठ्यानं दाबली. पुन्हा दाबली.

"आबा, सोडा आता पाण्यात," लेक शालन म्हणाली.

"बसंना गं," ते म्हणाले. "थंड झालंय सगळं."