डोंगर किती मजल्यांचा?

"तुमचा तो डोंगर किती मजल्यांचा?" आईने विचारलं.

सहलवाली हसली. तिच्यासमोरच्या पडद्यावर हिरवंगार बेट होतं आणि बेटाच्या मधोमध तो डोंगर. "काकू, मजले कसे सांगू? आरामात चढलं तर दोन तास लागतात."

"दोन तास," आईने मनाशी काहीतरी हिशेब जुळवला. "मध्येमध्ये टेकलं तर चालतं ना?"

"चालतं की. मागे कोण लागलंय?"

आईने समाधानाने मान हलवली. शेजारच्या खुर्चीत मुलगा मात्र चुळबुळत होता. हे सगळं फोनवरच उरकायचं त्याच्या मनात होतं. पण सकाळी आई तयार होऊन दारात उभी. "मीही येते. मला बरंच विचारायचंय." पायात कोरे करकरीत बूट, खेळाडू घालतात तसले. कधी आणले, कुणाबरोबर जाऊन आणले, देव जाणे.

सहल कंपनी तिसऱ्या मजल्यावर. मुलगा, सून आणि सुनेच्या कडेवरची छकुली लिफ्टने वर आले. आई मागाहून आली, जिन्याने. धापा टाकत होती, पण चेहरा असा की जणू परीक्षेत पहिला नंबर आलाय.

"आई, लिफ्ट होती की," सून म्हणाली.

"होती ना. असू दे."

घरीसुद्धा आई मुलाला हल्ली जिन्यातच भेटायची. भाजीची पिशवी घेऊन, कठड्याला धरून, एकेक पायरी. लिफ्ट बिघडली असेल असं त्याला वाटलं होतं. एकदा तर तो खेकसलाही होता, "या वयात कशाला नसते उद्योग?" ती नुसती हसली होती. आता त्या बुटांकडे बघताना त्याला सगळं लख्ख कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

कारण मागे एकदा जेवताना तोच तिला म्हणाला होता, "आई, तुझ्याशिवाय मजा नाही. जहाजाची सहल तर आहेच, पण जहाजात बसायच्या आधी चार दिवस बेटांवर राहू. डोंगर चढू, होडी वल्हवू, पाण्यात तोंड घालून रंगीत मासे बघू. सगळे मिळून!" खरी गोष्ट एवढीच होती की छकुली दोन वर्षांची आहे आणि तिला सांभाळायला कुणीतरी हवंय. सरळ सांगितलं असतं तर आई नाही म्हणाली नसती. पण सरळ सांगायला त्याची जीभ रेटली नाही. गोड बोलून काम काढून घ्यायची त्याची खोड जुनीच. आईने मात्र त्याचा शब्द न् शब्द खरा मानला होता.

सहलवालीने पडदा त्यांच्याकडे वळवला. "फोनवर म्हणालात तसंच ठेवलंय हं सगळं. डोंगर दोघांचा, होडी दोघांची, मासे बघायलाही तुम्ही दोघंच. काकूंना आणि छोटीला तळमजल्यावरची खोली. दारातच झोपाळा आहे. काकू, तुम्हाला एक पायरीसुद्धा चढायला नको!"

सुनेला एकदम छकुलीचं नाक पुसायचं सुचलं. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ना, तसं झालं मुलाला.

"नाही, म्हणजे... तिघांचं करा," तो कसंबसं म्हणाला.

"करते की. पण मग छोटीपाशी कोण थांबणार? एवढ्या लहान मुलांना वर नेत नाहीत."

त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने त्याच्याकडे. एक दिवस तू थांब, एक दिवस मी. इतकं सोपं उत्तर दोघांच्याही डोळ्यांत दिसत होतं. तो वाट बघत राहिला, तिने म्हणावं. ती वाट बघत राहिली, त्याने म्हणावं.

"अगं, मीच सांगितलं होतं त्याला," आई म्हणाली. "आणि मीच विसरले बघ. माझे गुडघे कुठे धड आहेत?" बोलता बोलता तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "तळमजलाच बरा."

"पण काकू, मघाशी तुम्ही डोंगराचं..."

"सहज गं. ही दोघं परत आल्यावर चढलो चढलो म्हणून बढाया मारणार. आपल्याला नको का कळायला, किती चढले ते?"

सहलवाली खळखळून हसली. लहानपणी त्याच्या हातून काही फुटलं की आई असंच म्हणायची, माझाच धक्का लागला. तेव्हा त्याला हायसं वाटायचं. आता तो नुसता मान खाली घालून, दाखवतील तिथे सह्या करत गेला.

बाहेर आल्यावर आई जिन्याकडे वळली नाही. तिने लिफ्टचं बटण दाबलं आणि सुनेपुढे हात पसरले. "आण तिला इकडे." छकुली आजीच्या गळ्यात पडली. लिफ्ट आली. आई आत जाऊन उभी राहिली, आणि मागोमाग आत शिरणाऱ्या मुलाला तिने हाताने थोपवलं.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला सोसला असता.

"तुम्ही दोघं जिन्याने या," ती म्हणाली. "आत्तापासून सवय करा. डोंगर चढायचाय ना तुम्हाला!"