रिकामा रकाना

ऐरोलीच्या एका ऑफिसात उज्वला रक्तदात्यांची वेबसाइट सांभाळायची. दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. ओ निगेटिव्ह रक्त तातडीनं हवं होतं आणि साइटवर एकही दाता सापडत नव्हता. तिनं डेटाबेस उघडला, तर त्याच रक्तगटाचे घणसोलीचे जयप्रकाश त्यात होते. त्यांनी आडनावाचा रकाना रिकामा सोडला होता आणि अशी नावं शोधात येतच नव्हती. शोधाच्या क्वेरीतली ती चूक दुरुस्त करून तिनं लगेच त्यांना फोन लावला.

“निघालोच मॅडम. पण तिथं आडनाव विचारतील का? मागे एका शिबिरात ते ऐकलं आणि रक्त नको म्हणाले. म्हणून तुमच्याकडं लिहिलंच नव्हतं.”



“आडनाव आता नाही लागत,” उज्वला म्हणाली. “या तुम्ही.”